पद्मिनी मिसिंग मारतेय? कार्बोरेटर खोलण्याआधी हे क्रमाने करा

जुनी गाडी अडखळायला लागली (म्हणजे मिसिंग मारायला लागली) की पहिला पाना कार्बोरेटरला, म्हणजे हवा आणि पेट्रोल मिसळणाऱ्या भागाला लागतो. तो खोलला जातो, जेट (पेट्रोल मोजून सोडणारे बारीक भोकाचे तुकडे) फुंकले जातात, स्क्रू इकडेतिकडे फिरवले जातात आणि गाडी दोन दिवस बरी चालते किंवा आणखी बिघडते. मूळ दोष टाकीच्या झाकणात किंवा पंपाआधीच्या चिरलेल्या नळीत असेल, तर तो तसाच राहतो. वर कार्बोरेटरचं फाटलेलं पॅकिंग आणि हललेली फ्लोट लेव्हल (कार्बोरेटरमधल्या पेट्रोलची पातळी) असे दोन नवे दोष तयार होतात. म्हणून आधी दोष पेट्रोलचाच आहे याची खात्री करायची. मग पेट्रोल ज्या वाटेने येतं त्याच वाटेने, टाकीकडून इंजिनाकडे तपासत यायचं. कार्बोरेटर त्या वाटेवरचं शेवटचं ठिकाण आहे.

इथली माहिती प्रीमियर पद्मिनी समोर ठेवून दिली आहे: १०८९ सीसीचं चार सिलेंडरचं इंजिन, एक सोलेक्स कार्बोरेटर, इंजिनावर चालणारा डायफ्रॅमचा (लवचिक पडद्याचा) पंप आणि पॉइंटचं (उघडझाप करून ठिणगी पाडणाऱ्या संपर्कांचं) इग्निशन. अशीच मांडणी असलेल्या अ‍ॅम्बॅसेडरलाही हाच क्रम लागू पडतो. फक्त गॅपचे आणि टायमिंगचे (ठिणगी पडण्याच्या वेळेचे) आकडे त्या गाडीच्या मॅन्युअलमधून घ्या.

## तयारी

हत्यारं फारशी लागत नाहीत. स्पॅनर आणि रिंग पाने, प्लगपाना, फीलर गेज, मल्टिमीटर किंवा साधा टेस्ट लॅम्प, काचेच्या दोन स्वच्छ बाटल्या, अर्धा मीटर पेट्रोलची नळी, चार क्लिपा, नवा पारदर्शक इनलाइन फिल्टर, चिंध्या आणि उजेडाची बॅटरी (टॉर्च). कॉम्प्रेशन गेज (सिलेंडरमधला दाब मोजणारं मापक) विकत घ्यायची गरज नाही, ओळखीच्या गॅरेजातून तासाभरासाठी मिळतो. एक वही मात्र हवीच. कोणता स्क्रू किती फिरवला ते लिहून ठेवलं नाही, तर संध्याकाळपर्यंत काहीच आठवत नाही.

गाडी उघड्यावर उभी करा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि जमिनीलगत साचते, त्यामुळे सोसायटीच्या बेसमेंटमध्ये हे काम अजिबात करू नका. ड्राय पावडरचा अग्निशामक हाताशी ठेवा. पेट्रोलची नळी सोडण्याआधी इंजिन पूर्ण थंड होऊ द्या आणि गाडीच्या बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. स्टार्टर फिरवायची चाचणी असेल तेव्हाच ती पुन्हा जोडा.

इशारा: प्लग, पॉइंट, कंडेन्सर, पंपाचं किट सगळं एकदम बदलायचा मोह टाळा. गाडी सुधारली तर कशाने ते कळत नाही. सुधारली नाही तर नव्या भागांतला एखादा खराब निघाला का, हा प्रश्न वर येतो. बाजारात मिळणाऱ्या नव्या कंडेन्सरबाबत ही शंका नेहमी बाळगावी.

## १. मिसिंग कधी होतं ते लिहून काढा

नुसतं "गाडी मिसिंग मारते" यावरून काही कळत नाही. पुढच्या चार प्रश्नांची उत्तरं वहीत लिहा.

- थंड असताना होतं की गरम झाल्यावर?
- स्लोला (अ‍ॅक्सिलरेटर न दाबता इंजिन नुसतं चालू असताना), रेस देण्याच्या क्षणी, चढावर जोर लागताना, की एकाच वेगात सरळ जाताना?
- ठेका एकसारखा आहे की मध्येच कधीतरी अडखळते?
- आवाज कार्बोरेटरमधून "फट्" असा वर येतो की सायलेन्सरमध्ये बार होतो?

सायलेन्सरच्या तोंडाशी हात धरून (चटका बसणार नाही इतका लांब) स्लोचा ठेका ऐका. दर फेरीला एकच ठोका चुकत असेल, तर बहुधा एकाच सिलेंडरचा प्रश्न आहे: प्लग, वायर किंवा व्हॉल्व्ह. कार्बोरेटर एकच असून तो चारही सिलेंडरना पेट्रोल देतो. त्यामुळे पेट्रोलच्या दोषात सहसा सगळं इंजिन एकत्र ढेपाळतं, झटके देतं आणि पुन्हा उचलतं. याला एक अपवाद आहे: इनटेकमध्ये एखाद्या सिलेंडरजवळूनच हवा आत शिरत असेल, तर तो एकटा सिलेंडर लंगडतो.

कार्बोरेटरमधून फट् आवाज आला तर मिश्रणात पेट्रोल कमी आहे अशी पहिली शंका घ्या. काळा धूर, पेट्रोलचा वास आणि काळेकुट्ट प्लग असतील तर पेट्रोल जास्त आहे. पण टायमिंग चुकल्यावरही फट् होतं, म्हणून पुढचा टप्पा गाळू नका.

## २. करंट आणि कॉम्प्रेशन: आधी यांना वगळा

पेट्रोलचे म्हणून आलेले बरेच दोष पॉइंटमध्ये निघतात. डिस्ट्रिब्युटरचं (प्लगांना करंट वाटणाऱ्या भागाचं) झाकण काढून आतून नीट बघा. केसाएवढी चीर किंवा कार्बनची काळी रेघ दिसली तर झाकण बदला. पावसाळ्यात आत ओलावा धरतो, तो कोरड्या फडक्याने पुसा. पॉइंटचा गॅप ०.४५ मिमीच्या आसपास आणि प्लगचा ०.६ मिमी असावा. पॉइंट जळून एका बाजूला उंचवटा आला असेल तर कंडेन्सरवर संशय घ्या. रात्री अंधारात बोनेट उघडून इंजिन चालू ठेवलं तर खराब वायरीवर निळ्या ठिणग्या दिसतात. फायरिंग ऑर्डर (सिलेंडरमध्ये ठिणगी पडण्याचा क्रम) १-३-४-२ आहे. कुणी वायरी काढल्या असतील तर ती झाकणावर मोजून खात्री करा.

मग सिलेंडर एकेक करून बंद पाडून बघा. इंजिन स्लोला ठेवा, जाड रबरी हातमोजा घाला आणि इन्सुलेटेड पकडीने एकेका प्लगची वायर काढून लगेच इंजिनाच्या धातूला टेकवा. वायर हवेत लोंबकळत ठेवली तर कॉइलवर ताण येतो. ज्या सिलेंडरची वायर काढल्यावर इंजिनाचा आवाज बदलत नाही, तो सिलेंडर आधीपासूनच काम करत नव्हता.

कॉम्प्रेशन चारही प्लग काढून, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून घ्या. आकडा किती आला यापेक्षा चार आकड्यांमधला फरक महत्त्वाचा. एखादा सिलेंडर बाकीच्यांपेक्षा १५ टक्क्यांहून जास्त खाली असेल तर टॅपेट, व्हॉल्व्ह किंवा हेड पॅकिंग बघा. तिथे कार्बोरेटर कितीही साफ केला तरी फरक पडणार नाही.

तपासणी: चारही प्लगला दणदणीत निळी ठिणगी, वायरी एकेक काढल्यावर चारही वेळा आवाज सारखाच पडतो, कॉम्प्रेशन जवळजवळ समान. हे तिन्ही जुळलं तरच पुढे जा.

## ३. चोकची चाचणी

या चाचणीला हत्यार लागत नाही आणि ती सगळ्या कामाचे दोन भाग करते, तरी ती क्वचितच कुणी करतं. इंजिन गरम करा, गाडी ज्या परिस्थितीत अडखळते तिथे आणा आणि डॅशबोर्डखालची चोकची (मिश्रणात पेट्रोल वाढवणारी) मूठ थोडीशी, पावभर ओढा.

अडखळणं कमी झालं तर इंजिनाला पेट्रोल कमी पडतंय किंवा कुठून तरी जादा हवा येते. टप्पे ४ ते ७ तुमच्यासाठी आहेत. अडखळणं वाढलं तर पेट्रोल जास्त होतंय. मग एअर क्लीनर तुंबलाय का ते बघून थेट टप्पा ८ कडे जा. काहीच फरक पडला नाही तर टप्पा २ पुन्हा करा.

पेट्रोल जास्त होत असेल तर आणखी एक गोष्ट आधी बघा. मूठ पूर्ण आत गेली तरी कार्बोरेटरवरचा चोकचा लिव्हर पूर्ण मागे येतो का? केबलची तार गंजून बाहेरच्या वेटोळ्यात अडकते आणि चोक चतुर्थांश उघडा राहतो. बोनेट उघडून लिव्हर बोटाने मागे ढकला. तो आणखी सरकला, तर दोष तिथेच सापडला.

## ४. टाकी ते पंप: ओढणारी बाजू

टाकीपासून पंपापर्यंतच्या नळीत दाब नसतो, ओढ असते. त्यामुळे या बाजूची नळी चिरली तर पेट्रोल बाहेर गळतच असेल असं नाही. ती बाहेरची हवा आत ओढते. खाली एक थेंबही दिसत नाही, म्हणून मालक ही बाजू सोडून देतात आणि सहा महिने कार्बोरेटरशी झगडतात.

वाटेतल्या एकेका ठिकाणी थांबत असे या:

टाकीचं झाकण. झाकणातून टाकीत हवा आत यावी लागते. तो मार्ग बंद असला तर पेट्रोल वापरलं जाईल तशी टाकीत पोकळी तयार होते आणि वीस-पंचवीस मिनिटांनी पंपाची ओढ कमी पडते. गाडी अडखळू लागली की बाजूला घेऊन झाकण उघडा. "फुस्स" करून हवा आत गेली आणि गाडी पुन्हा ठीक चालली, तर दोष झाकणाचाच. दुसऱ्या गाडीचं झाकण बसवलेल्या गाड्यांत हे हमखास बघा.

टाकीचा तळ. टाकीच्या तळाचा ड्रेन प्लग उघडून, किंवा नळी सोडून, पाव लिटर पेट्रोल काचेच्या बाटलीत घ्या आणि अर्धा तास हलवू नका. तळाशी लाल-तपकिरी गाळ म्हणजे गंज. तळाशी वेगळा, धूसर थर म्हणजे पाणी. आताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं आणि इथेनॉल पाण्याला धरून ठेवतं. पाणी एका मर्यादेपलीकडे गेलं की इथेनॉल आणि पाणी मिळून खाली बसतात. पावसाळाभर अर्ध्या टाकीने उभ्या राहिलेल्या गाडीत हे होतं. असं पेट्रोल गाळून उपयोग नाही, सगळं काढून टाका.

रबरी नळ्या. दोन बोटांत धरून वाकवा. बाहेरून बारीक भेगा दिसल्या किंवा नळी फुगून मऊ पडली असली तर बदला. नवी नळी घेताना तिच्यावर "एसएई जे३० आर९" छापलेलं बघून घ्या, ती इथेनॉल सहन करते. दुकानदाराने रोलमधून कापून दिलेली बिनछापाची काळी नळी पाण्याची असू शकते आणि आतून सोलून निघते. तिचे काळे कण पुढे जेटमध्ये जाऊन बसतात.

जुनी सीएनजीची जोडणी. गाडी मुंबईत टॅक्सी म्हणून फिरलेली असेल तर हे आधी बघा. किट काढताना गॅसचा सिलेंडर आणि रेग्युलेटर काढले जातात, पण पेट्रोलच्या नळीतला सोलेनॉइड व्हॉल्व्ह (विजेवर उघड-बंद होणारी झडप) कधी कधी तसाच राहतो. त्याची वायर सैल झाली की तो मध्येच बंद होतो, आणि आतली जाळी भरली की चढावर पेट्रोल कमी पडतं. एअर क्लीनर आणि कार्बोरेटरच्या मध्ये गॅसचा मिक्सर राहिला असेल तर तोही हवा अडवतो. दोन्ही काढा आणि नळी सलग करा.

फिल्टर. पंपाच्या आधी पारदर्शक फिल्टर लावा आणि इंजिन चालू ठेवून त्यात बघा. थोडी रिकामी जागा राहिली तर चालतं. बुडबुड्यांची सलग रांग येत असेल तर मागे कुठेतरी हवा शिरते. फिल्टरवरचा बाण इंजिनाकडे असला पाहिजे. उलटा लावलेला फिल्टर लवकर तुंबतो.

तपासणी: वीस मिनिटं चालवल्यावर फिल्टरमध्ये बुडबुडे नाहीत, झाकण उघडल्यावर फुस्स नाही, बाटलीत थर नाही.

## ५. एसी पंप

पेट्रोलच्या पंपाला गॅरेजमध्ये एसी पंप म्हणतात. कॅमशाफ्टच्या (इंजिनातल्या फिरत्या दांड्याच्या) जोरावर आतला डायफ्रॅम वरखाली होतो आणि पेट्रोल ढकलतो. काही पंपांवर काचेची वाटी किंवा धातूचं झाकण असतं. आधी ते उघडा, आतली जाळी धुवा आणि झाकणाचं पॅकिंग सपाट आहे का बघा. हे पॅकिंग कडक झालं की पंप हवा ओढतो.

आता ढकलण्याची चाचणी. कार्बोरेटरकडची नळी काढून बाटलीत सोडा. कॉइलची मधली वायर डिस्ट्रिब्युटरमधून काढून इंजिनाच्या धातूला घट्ट टेकवा, म्हणजे जवळपास ठिणगी उडणार नाही. दुसऱ्याला स्टार्टर फिरवायला सांगा. दर ठोक्याला पेट्रोल जोराने, पिचकारीसारखं बाहेर यायला हवं. थेंब थेंब आलं किंवा फेसाळत आलं तर थांबा. थेंब म्हणजे डायफ्रॅम किंवा व्हॉल्व्ह थकलेत, फेस म्हणजे मागे हवा शिरतेय आणि टप्पा ४ पूर्ण झालेला नाही. स्टार्टर एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त फिरवू नका.

अशा पंपाचा दाब साधारण २ ते ४ पीएसआय असतो. पंप कमजोर वाटला म्हणून त्याजागी इलेक्ट्रिक पंप लावायचा सल्ला ऐकायला मिळेल. इंजेक्शनच्या गाडीचा पंप लावला तर तो नीडल व्हॉल्व्हला (कार्बोरेटरमध्ये येणारं पेट्रोल अडवणाऱ्या सुईला) दाबून उघडतो आणि कार्बोरेटर वाहू लागतो. जुना पंप किट घालून दुरुस्त करणं स्वस्त आहे आणि माझ्या मते योग्यही.

किट घालताना दोन गोष्टी चुकतात. एक, डायफ्रॅम ताणलेल्या अवस्थेत स्क्रू घट्ट केले जातात. पंपाचा दांडा पूर्ण दाबून धरा, मग वरचे स्क्रू समोरासमोरचे घेत आवळा. दुसरी, पंप आणि इंजिनाच्या मधलं पॅकिंग. हे जाड घातलं तर दांड्याचा झोका कमी पडतो आणि पंप अर्धंच काम करतो. जुनं पॅकिंग फेकण्याआधी त्याची जाडी मोजून ठेवा.

इशारा: डिपस्टिक काढून ऑइलचा वास घ्या. पेट्रोलचा वास आला किंवा लेव्हल वाढलेली दिसली तर डायफ्रॅम फाटून पेट्रोल ऑइलमध्ये उतरतंय. गाडी अजिबात चालवू नका. डायफ्रॅम आणि ऑइल दोन्ही बदला.

## ६. गरम झाल्यावर बंद पडते

मे महिन्यात ट्रॅफिकमध्ये अर्धा तास अडकल्यावर गाडी अडखळते, बंद पडते आणि वीस मिनिटांनी चालू होते. लगेच सगळे "व्हेपर लॉक" म्हणून मोकळे होतात. नळीत पेट्रोलची वाफ होते हे खरं आहे. पण गरम झालेला कंडेन्सर आणि कॉइलही हुबेहूब असंच वागतात.

वेगळं ओळखण्यासाठी गाडी बंद पडल्या क्षणी, थंड होण्याआधी, एक जादा प्लग वायरीला लावून इंजिनावर टेकवा आणि स्टार्टर फिरवा. प्लग कार्बोरेटरपासून लांब धरा. ठिणगी नाही किंवा पिवळट, मरतुकडी आहे, तर दोष करंटचा. निळी, कडक ठिणगी असेल तर ओलं फडकं पंपावर आणि पंपाकडून येणाऱ्या नळीवर ठेवा. ते पंपावर टाकायची जुन्या टॅक्सीवाल्यांची पद्धत अजूनही उपयोगी आहे. पाच मिनिटांत गाडी चालू झाली तर वाफेचा दोष नक्की.

उपाय साधे आहेत. पेट्रोलची नळी एक्झॉस्टपासून दूर वळवा आणि पंप व इंजिनाच्या मधला उष्णता अडवणारा ठोकळा जागेवर आहे का ते बघा. कार्बोरेटरच्या तळाखालच्या जाड पॅकिंगच्या जागी कुणी कागदाचं पातळ पॅकिंग घातलंय का तेही बघा. नळीला चंदेरी पन्नी गुंडाळून काम भागत नाही, नळीची वाट बदलावी लागते.

## ७. चोरून येणारी हवा

स्लोला थरथरणं, पण रेस वाढवली की बरं वाटणं, ही बाहेरून हवा आत शिरत असल्याची खूण आहे. बघायच्या जागा: कार्बोरेटरचा तळ, इनटेक जिथे जोडलाय ते पॅकिंग, डिस्ट्रिब्युटरला व्हॅक्यूम अ‍ॅडव्हान्स असेल तर त्याची नळी आणि थ्रॉटलच्या (अ‍ॅक्सिलरेटरने उघडणाऱ्या झडपेच्या) दांड्याच्या दोन्ही बाजूंचं झिजलेलं भोक.

बरेच मेकॅनिक इथे कार्बोरेटर क्लीनर फवारतात. गरम एक्झॉस्टवर तो पेटतो, म्हणून मी सुचवत नाही. पाण्याची बारीक फवारणी बाटलीने करा. हवा शिरत असेल तिथे पाणी आत ओढलं जाऊन आवाज बदलतो. किंवा नळीचं एक टोक कानाशी धरून दुसरं टोक एकेका जोडावर फिरवा, शिट्टी स्पष्ट ऐकू येते. टोक पंख्यापासून लांब ठेवा.

सोलेक्सच्या तळाशी एक ठरलेला दोष असतो. दोन्ही नट वर्षानुवर्षं जास्त आवळल्याने तळाचे कान खाली वाकतात आणि मधला भाग किंचित उचलला जातो. कार्बोरेटर काढल्यावर तळावर स्टीलची पट्टी उभी धरा आणि मागून बॅटरी मारा. उजेड दिसला तर तळ वाकलाय. जाड काचेवर बारीक एमरी पेपर ठेवून, आठच्या आकड्यात फिरवत तो सपाट करा. जाड पॅकिंग घालून किंवा सीलंट थापून ही फट भरू नका. पेट्रोल सीलंट विरघळवतं आणि त्याचे तुकडे आत जातात.

## ८. आता कार्बोरेटर

इथपर्यंत दोष सापडला नसेल तर कार्बोरेटर खोला. पण खोलण्याआधी तीन गोष्टी जागेवरच बघा.

इंजिन बंद ठेवून एअर क्लीनर काढा, वरून तोंडात बॅटरी मारा आणि अ‍ॅक्सिलरेटरचा लिव्हर हाताने दाबा. दाबल्या क्षणी पेट्रोलची सरळ धार दिसली पाहिजे. उशिरा, वाकडी किंवा नुसती ओल आली, तर अ‍ॅक्सिलरेटर पंपाचा डायफ्रॅम किंवा त्याची नळी बिघडली आहे. रेस देण्याच्या क्षणी झटका, आणि मग ठीक, याचं कारण तेच. दुसरं, इंजिन चालू असताना मधल्या नळीच्या तोंडातून पेट्रोल टपकत असेल तर फ्लोट लेव्हल वर आहे किंवा नीडल व्हॉल्व्ह बसत नाही. तिसरं, स्लो मिक्स्चरचा स्क्रू थोडा आत-बाहेर करा. आवाजात काहीच फरक पडला नाही, तर पायलट जेट (स्लोचं पेट्रोल देणारा) तुंबलाय, बाहेरची हवा शिरतेय किंवा स्लोचा स्क्रू जास्त आत असल्याने थ्रॉटल उघडा राहिलाय.

मग खोला, पांढऱ्या कापडावर आणि फोटो काढत.

फ्लोट आणि नीडल. फ्लोट कानाशी हलवा. आत पेट्रोलचा आवाज आला तर तो फुटलाय. खात्री हवी असेल तर, पेट्रोलपासून लांब, गरम पाण्यात बुडवा, बुडबुडे येतील. डाग देऊन दुरुस्त केलेला फ्लोट जड होतो आणि लेव्हल चुकते, त्यापेक्षा नवा घ्या. सोलेक्समध्ये लेव्हल नीडल व्हॉल्व्हखालच्या वॉशरच्या जाडीवर ठरते. वॉशर हरवला म्हणून दुसरा कोणताही घातला, किंवा दोन घातले, की गाडी पेट्रोल जास्त किंवा कमी घ्यायला लागते.

जेट. स्लोला त्रास असेल तर पायलट जेट, जोर लागताना त्रास असेल तर मेन जेट. दोन्ही उजेडासमोर धरा, भोक पूर्ण गोल दिसायला हवं. साफसफाई क्लीनर आणि कॉम्प्रेसरच्या हवेने करा. तार, टाचणी, सुई घालू नका: पितळ मऊ असतं, भोक मोठं होतं आणि मग कुठल्याही स्क्रूने मिश्रण जुळत नाही. जेटवर कोरलेला आकडा मॅन्युअलशी ताडून बघा. अ‍ॅव्हरेज वाढावं म्हणून कुणी लहान मेन जेट घातलेला असतो. अशी गाडी सपाटीवर छान पळते आणि घाटात फट्फट् करते.

मिक्स्चर स्क्रू. त्याच्या टोकावर नखाला जाणवेल अशी कड उठली असेल तर कुणीतरी तो पिळून बंद केला होता. स्क्रू बदला. बसवताना बोटांनी हलकेच टेकेपर्यंत आत घ्या आणि दीड फेरा बाहेर काढा. ही फक्त सुरुवात आहे, अंतिम जागा इंजिन सांगेल.

इशारा: डायफ्रॅम आणि रबराचे भाग कार्बोरेटरवर तसेच ठेवून क्लीनर मारू नका, आणि कॉम्प्रेसरची हवा तर मुळीच नाही. सगळं मोकळं केल्यावर धातूच्या भागांना मारा.

ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलबद्दल थोडं. इथेनॉलच्या जळण्याला हवा कमी लागते. त्यामुळे जुन्या जेटवर मिश्रण थोडं पातळ (पेट्रोल कमी, हवा जास्त) होतं आणि काठावर असलेली गाडी अडखळायला लागते. पण जेट वाढवायचा निर्णय सगळ्यात शेवटी घ्या. नळ्या, डायफ्रॅम आणि हवेचे जोड ठीक नसताना मोठा जेट घालणं म्हणजे दोष झाकणं. तो घातल्यावर प्लगचा रंग बघा: फिकट तपकिरी हवा, पांढरा नको. टाकीतला जुना गंज इथेनॉलमुळे सुटतो, म्हणून पहिले दोन फिल्टर लवकर भरतील हे गृहीत धरा.

## ९. स्लो लावणं आणि रस्त्यावर चाचणी

स्लो लावायला इंजिन पूर्ण गरम हवं, चोक बंद हवा आणि एअर क्लीनर बसवलेला हवा. क्लीनर काढून लावलेला स्लो तो बसवल्यावर बदलतो. मिक्स्चर स्क्रू हळूहळू फिरवून आवाज सगळ्यात वर जाईल तिथे थांबा, मग थ्रॉटलचा स्क्रू फिरवून वेग खाली आणा. पुन्हा मिक्स्चर, पुन्हा थ्रॉटल. दोन-तीन वेळा केलं की बसतं. प्रत्येक फेरा वहीत लिहा.

स्लो लावण्याआधी, बॅटरी जोडून इंजिन पहिल्यांदा चालू कराल तेव्हाच, प्रत्येक जोडावर कोरडं टिश्यू फिरवा. एक जोडही ओला निघाला तर गाडी जागेवरच बंद.

रस्त्यावरची चाचणी टप्पा १ मध्ये लिहिलेल्या परिस्थितीत करा. घाटात अडखळत होती तर घाटातच न्या, रिकाम्या सपाट रस्त्यावर ती बरी वाटणारच होती. चढावर तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर दाबा आणि सोबतच्याला चोकच्या मुठीवर हात ठेवायला सांगा. चोक ओढल्यावर अजूनही गाडी उचलते का? उचलत असेल तर पेट्रोल अजून कमी पडतंय. पंपाचं पॅकिंग, टाकीतल्या नळीची जाळी आणि मेन जेटचा आकडा याच क्रमाने पुन्हा बघा.

प्लग वाचायचे असतील तर गाडी सलग दहा मिनिटं चालवा आणि थांबल्यावर लगेच इंजिन बंद करा. पाच मिनिटं स्लोला घोंघावत ठेवून काढलेले प्लग काळेच दिसतात. तेवढ्यावरून कुणी मिश्रण पातळ केलं की पुढच्या आठवड्यात तक्रार उलटी होते.

साधारण २०० किलोमीटरनंतर फिल्टर काढा, उलटा करून पांढऱ्या कागदावर झटका आणि काय पडतं ते बघा. लाल कण टाकीतून येतात, काळे रबराच्या नळीतून. लाल कण तिसऱ्या फिल्टरमध्येही सापडले, तर टाकी उतरवून आतून साफ करून घ्यावी लागेल.